दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईला दिलेली चादर

शहात्तर साली अमेरिकेत मी एका बाईला दुसऱ्याची चादर देऊन टाकली. नवरा लढाईवर गेलाय, दोन सुग्या झाल्या तरी पत्र नाही, असं ती म्हणाली म्हणून. ती लढाई दोनशे वर्षांपूर्वीची होती, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं. त्या वेळी मी सोलापूरच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो आणि ती लढाई नववीच्या पुस्तकात होती. कारणे पाच, परिणाम चार. मीच मुलांकडून पाठ करून घेत असे.

दिवाळी सरली की हे सगळं दरवर्षी माझ्या अंगावर येतं. आमच्या गावची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. सकाळी अकराला उन्हात उभं राहिलं की ती आली होती की नाही याचीच शंका येते. पण तिच्या स्वागताची तयारी अशी, की जणू हिमालयच शुक्रवार पेठेत मुक्कामाला येणार आहे. घरोघर ट्रंका उघडतात, चादरी गच्चीवर जातात, सगळ्या बोळात डांबरगोळ्यांचा वास भरून राहतो. मंगळवेढ्याहून भाचा हुरड्याची पिशवी पाठवतो, आणि आमची सौभाग्यवती गच्चीवरून खाली ओरडून सांगते, “अहो, चादरी वाळत घातल्यात. एखादी बाई रडत आली तर आधी मला हाक मारा!”

शेजारच्या दोन गच्च्यांवर हसू फुटतं. मी पेपर तोंडासमोर धरतो.

पण पेपरात लक्ष लागत नाही. डांबरगोळ्यांच्या पाठोपाठ दुसराच वास येतो. मेण लावलेल्या जुन्या फळ्यांचा, चुलीतल्या ओल्या लाकडाचा, दोऱ्यात ओवून टांगलेल्या सफरचंदाच्या चकत्यांचा. बाहेर झाडं लाल झालेली असतात. अशी लाल, की पहिल्या दिवशी मला वाटलं यांच्या झाडांना काही रोग झालाय, आणि मी यजमानांना तसं काळजीने विचारलंही होतं. गोंधळणं माझ्या स्वभावातच आहे, घरचे सगळे साक्षीला आहेत. पण त्या मोसमासारखं सलग सहा आठवडे मी पुन्हा कधी गोंधळलो नाही.

चादर नरसय्यामामांची. आमच्या बोळाच्या तोंडाशी त्यांचा हातमाग. आजूबाजूला यंत्रमाग आले, त्यांचा खडखडाट दिवसभर चाले, आणि त्यात मामांचा माग म्हातारा माणूस जिना चढतो तसा एकेक ठोका देत राही. ते घरात तेलुगू बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मागाशी जे बोलत ते आम्हाला कुणालाच समजत नसे. त्यांचा धाकटा मुलगा श्रीनिवास हुशार निघाला, इंजिनीअर झाला आणि अमेरिकेला गेला. जाण्याआधी बापलेकाचं वाजलं. “या मागावर मी जन्म काढणार नाही,” असं मुलगा म्हणाला, आणि मामा म्हणाले, “काढू बी नको. तुला धागा दिसतच न्हाय. तुला डोळाच न्हाय.” विणकराच्या घरात यापेक्षा मोठी शिवी नसते. त्यावर श्रीनिवास जो गप्प झाला तो स्टेशनवर गाडी हलेपर्यंत.

मग पत्रं सुरू झाली. ती वाचायचं काम माझ्याकडे. मामांना तेलुगू वाचता येई, श्रीनिवास शिकला मराठीत. त्यामुळे बापाला मुलाचं पत्र वाचायला मधे इतिहासाचा शिक्षक लागे. हाताशी शाळेत जाणारा नातू होता, मुलीचा मुलगा, पण पत्र वाचायचं ते सरांनीच, असं मामांनी ठरवून टाकलं होतं. पत्र चार ओळींचं. मी खुशाल आहे. काम बरं चाललं आहे. आईला नमस्कार. प्रकृतीला जपावे.

“झालं?” मामा विचारत.

“झालं.”

“मागं काय लिवलंय बगा की.”

“मागं कोरं आहे, मामा.”

तरी ते कागद हातात घेत, उलटा करत आणि अंगठ्याने चाचपत. कापडाचा पोत बघावा तसं. मग मला चार ओळींचं उत्तर सांगत आणि मी ते लिहून देई. तीन वर्षं हे असं चाललं. चार ओळी जायच्या, चार ओळी यायच्या.

एका पत्रात पाचवी ओळ आली. इथे थंडी फार आहे. दुसऱ्या दिवसापासून मागाचा आवाज पहाटेच सुरू झाला.

त्याच सुमारास माझा नंबर लागला. एका क्लबाची अदलाबदल योजना होती, आमच्या जिल्ह्यातून पाचजण सहा आठवड्यांसाठी अमेरिकेला जायचे होते. माझी निवड का झाली हे मला अजून कळलेलं नाही. निवडणाऱ्यांनाही पुढे कळेनासं झालं. जायच्या आदल्या दिवशी मामा चादर घेऊन आले. गडद लाल, काठाला काळी नक्षी, आणि एका कोपऱ्यात तेलुगू अक्षरांत मुलाचं नाव विणलेलं.

“हेच पत्र समजा,” मामा म्हणाले. “त्याच्या हातात द्या. दुसऱ्या कुणाच्या न्हाय.”

“अहो मामा, त्याचीच चादर, दुसऱ्या कुणाला कशाला देईन?” असं मी हसत म्हणालो. हे वाक्य मला अधूनमधून आठवतं, विशेषतः दाढी करताना.

बायकोने बजावलं, “विमानात पेट्या हरवतात म्हणे. ही हातातनं सोडायची नाही.” म्हणून मी चादर एका कापडी पिशवीत घातली आणि सोडली नाही. तीन आठवडे ती माझ्याबरोबर अमेरिका हिंडली. जेवायला बसलो की मांडीवर. त्यांच्या चर्चमध्ये गेलो तरी बगलेत.

त्या साली त्या देशाला दोनशे वर्षं झाली होती. त्यामुळे जो भेटेल तो आम्हाला जुनी घरं दाखवी. सोलापुरात पाहुणा आला की आपण त्याला सिद्धेश्वराचं तळं दाखवतो आणि जेवायला बसवतो, विषय संपला. इथे रोज दोन घरं. प्रत्येक घरात एक चारखांबी पलंग, आणि त्यावर कोणीतरी थोर सेनापती एक रात्र झोपून गेलेला. सहाव्या पलंगाशी आमच्यातले शेखसाहेब माझ्या कानात कुजबुजले, “सर, ये आदमी लडता कब था?” शेखसाहेब कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधले. त्यांचा जीव रुळांत. जिथे आगगाडी नाही अशा काळाविषयी त्यांना काडीचं कुतूहल नव्हतं.

प्रत्येक खोलीच्या दाराला लाल दोरी. पलीकडे जायचं नाही, हात लावायचा नाही. मी मान लांब करून बघे, तर आत जातं, रवी, सूप, पितळी तपेली, मडकी. एका घरात तर फडताळातल्या पाटा-वरवंट्यासारख्या दगडासमोर माणसं रांगेने उभी होती आणि फोटो काढत होती. मला कळेना. हे सगळं मी मागच्याच आठवड्यात घरी सोडून आलो होतो, आणि आमच्याकडे दोरी नव्हती. एके ठिकाणी विहिरीतून पाणी काढून दाखवत होते. तो माणूस पोहरा सारखा भिंतीवर आपटत होता. मला राहवलं नाही. मी पिशवी बगलेत दाबली आणि एका दमात पोहरा वर आणला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी काढल्याबद्दल टाळ्या मला त्याआधी मिळाल्या नव्हत्या, त्यानंतरही नाहीत. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग उद्यापासून रोज वाजवते.”

जुनं म्हणजे किती जुनं, हेही समजेना. त्यांचं दोनशे वर्षांचं घर बघताना लोक आवाज खाली आणत. आमचा भुईकोट किल्ला त्याहून कितीतरी जुना, आणि आम्ही तिथे भेळ खातो. मग इतिहास कशाला म्हणायचं? ज्याला दोरी बांधली त्याला? असले प्रश्न मला पडत, आणि मी ते पिशवीशी बोलत असे, कारण शेखसाहेब तोवर झोपलेले असत.

आता त्या दिवसाकडे यायला हवं. किती वेळ आजूबाजूला फिरणार.

त्याच्या दोन दिवस आधी आम्हाला एका वस्तीत नेलं होतं. तिथली माणसं खरोखरच वीज वापरत नव्हती. घोड्याच्या गाड्या, बायकांच्या डोक्याला पांढऱ्या टोप्या, पायघोळ झगे. धर्माचा नेम म्हणून तसे राहतात, असं सांगितलं. त्यांच्याबरोबर आम्ही जेवलो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि आदल्याच वर्षी त्या देशाची व्हिएतनामची लढाई संपली होती. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या दिवाणखान्यात गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो होता, आणि त्याच्याविषयी कुणी बोलत नव्हतं. हेही पाहिलेलं. या दोन गोष्टी डोक्यात ठेवून मी तिसऱ्या दिवशी एका जुन्या धाटणीच्या गावात शिरलो. दारात कागद वाटत होते. त्यावर सगळं छापलेलं होतं म्हणे. मी तो घडी करून खिशात ठेवला. तीन आठवड्यांत मला इतके कागद मिळाले होते की मी वाचणं सोडलं होतं.

गावाच्या टोकाला एक बुटकं लाकडी घर. दाराला दोरी नाही. आत चुलीशी एक बाई, पांढरी टोपी, पायघोळ झगा, सफरचंदं चिरून दोऱ्यात ओवत बसलेली. म्हणाली, “या. घर साधंच आहे, पण ऊब आहे.” आणि एक चकती माझ्या हातावर ठेवली.

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मला कुणीतरी घरात या म्हणालं होतं. मी आपला सोलापूरसारखा चौकशीला बसलो. घरात कोण कोण? मुलं किती? शेत कोण बघतं? तिने सगळ्याची उत्तरं दिली. मुलं दोन. शेत तीच बघते. नवरा लढाईवर. दोन सुग्या झाल्या.

“पत्र?” मी विचारलं.

“नाही. एकही नाही.” तिने सुरी खाली ठेवली. “घरात एकच चांगलं पांघरूण होतं, ते त्याच्याबरोबर दिलं. आता हिवाळा आलाच.”

मला इंग्रजी समजलं नाही असं म्हणून सुटता आलं असतं, पण शब्द न् शब्द समजला होता. पत्र नाही म्हणजे काय, हे मी आमच्या बोळात तीन वर्षं बघत होतो. आणि मी तिच्या घरी काही खाल्लं होतं आणि रिकाम्या हाताने गेलो होतो. भेट द्यायला म्हणून वीस पुड्या शेंगाचटणी नेली होती, ती दुसऱ्याच आठवड्यात संपली. बगलेत काय होतं, तर चादर.

मी मनातल्या मनात नरसय्यामामांची परवानगी मागितली, आणि मनातल्या मनात त्यांनी ती ताबडतोब दिली. श्रीनिवास पगारदार माणूस, दुकानातून घेईल. हिचं कोण आहे? मी चादर काढली आणि तिच्यापुढे धरली. ती दचकली. “नाही, नाही, मला घेता येणार नाही,” म्हणाली. आता आपल्याकडे पहिलं नाही हे घ्यायच्या आधीचं असतं. दुसरं नाही संकोचाचं. तिसऱ्यांदा मी चादर सरळ तिच्या खांद्यांवर घातली, नमस्कार केला आणि डोळे पुसत बाहेर पडलो. दाराशी जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, माझ्या दानतीला. जाताना एकदा मागे बघितलं. ती काठाच्या नक्षीवरून बोट फिरवत उभी होती.

बस सुटली. साठेक मैल गेल्यावर शेखसाहेबांनी माझी बगल पाहिली.

“सर, आपकी थैली?”

मी भरल्या गळ्याने हकिगत सांगितली. शेखसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे, मग खिशातला कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. “क्या सर! वो औरत ड्रामा कर री थी. नौकरी है उसकी. पाच बजे घर जाती, मोटार चलाके.”

कागदावर तेच होतं, दोनशे वर्षांपूर्वीचा काळ दाखवायला उभारलेलं गाव, आतली माणसं पगारी. त्या लाल झाडांतून बस जात होती. मी एवढंच म्हणालो, “पण ती खरंच रडवेली झाली होती.” शेखसाहेब म्हणाले, “आप जो रोये!”

श्रीनिवास दोन दिवसांनी बसच्या थांब्यावर भेटला. अंगात पातळसा कोट, हात खिशात. कसे आहात, प्रवास कसा झाला, काही नाही, पहिलंच वाक्य, “सर, नानांनी काही पाठवलंय?” बापाला तो नाना म्हणत असे. मी आधी विहिरीची गोष्ट सांगितली. मग सेनापतीच्या पलंगांची. मग काही उरलं नाही, तेव्हा खरी सांगितली, आणि चादरीवर नाव विणलेलं होतं तेही सांगितलं.

तो हसला नाही, चिडलाही नाही. “नानांनी स्वतः विणली?” एवढंच विचारलं. मी मान हलवली. “गाव कुठलं?” मी तो छापील कागद दिला. त्याने तो नीट वाचला, मी वाचायला हवा होता तसा, आणि खिशात घातला. मग मला भात खायला घेऊन गेला. जेवताना चादरीचं नाव निघालं नाही.

सोलापूरला आलो तर नरसय्यामामा स्टेशनवरच. “दिली?”

“दिली,” मी म्हणालो. दिली होतीच. कुणाला, असं त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर महिनाभर मी शाळेला मागच्या बोळाने जात होतो. समोरून मामांच्या मागाचा ठोका ऐकू आला की छातीत दुसरा ठोका पडायचा. वर्गात ती लढाई आली, कारणे पाच, परिणाम चार, आणि पाचवा परिणाम मी एकटा जाणत होतो. रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. रोज काहीतरी निघायचं. दिवाळी झाली. थंडी पडली. बोळात डांबरगोळ्यांचा वास आला.

आणि एका रविवारी सकाळी मामा दारात. हातात पाकीट. जाडजूड. मागे मामी, तिच्या मागे तो नातू, आता आठवीतला. “सर, पोराचं पत्र आलंय. लई लिवलंय बगा.”

आमच्या हिने चटई टाकली. मी पाकीट फोडलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. पहिल्याच ओळीत माझं नाव दिसलं.

आता दुसऱ्याचं पत्र मोठ्याने वाचायचं, आणि त्यात आपलाच पंचनामा, हा प्रसंग माझ्या वैऱ्यावरही येऊ नये. मी वाचू लागलो. “मी खुशाल आहे. काम बरं चाललं आहे...” आणि पान उलटलं.

“थांबा,” मामा म्हणाले. “येवडं मोटं पान, आन दोनच वळी? मधलं वाचा की.”

मी मधलं वाचलं. सर भेटले, हात रिकामे. सरांनी चादर दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईला दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमची ही तोंडात पदर कोंबून आत गेली. मामांचा चेहरा दगड. मी वाचत राहिलो. मी निघाल्यावरच्या रविवारी श्रीनिवास मित्राची मोटार घेऊन त्या गावाला गेला. आठ तास. चादर त्या घरातल्या पलंगावर नीट अंथरलेली होती. बाई पाच वाजता टोपी काढून बाहेर आली, तर पँट घातलेली. तिने नावावर बोट ठेवून विचारलं, ही कुठली अक्षरं? श्रीनिवासने स्वतःचं नाव वाचून दाखवलं, तेलुगूत तेवढंच त्याला वाचता येई. तेव्हा तिने घडी करून चादर परत दिली आणि म्हणाली, “दोन वर्षं मी इथे तेच सांगते. खरं मानणारा तो पहिलाच माणूस.”

“म्हंजे पोचली?” मामी म्हणाली.

“पोचली,” मी म्हणालो. महिन्याभरातला माझा पहिला मोकळा श्वास तो.

“फुडं वाचा,” मामा म्हणाले.

पुढे शेवटचं पान. “नाना, तीच पांघरून झोपतो. नावाच्या डाव्या बाजूला, काठापासून चार बोटांवर, एक धागा तुटलाय आणि तुम्ही जोडलाय. गाठ हाताला लागते. चष्मा बदला.”

मामांनी हवेत चार बोटं धरली. तिथे काठ असल्यासारखी. मामीकडे बघून तेलुगूत काहीतरी पुटपुटले. मग मराठीत, कुणाला उद्देशून ते ठाऊक नाही, “दिसतंय की त्याला.”

मी आजही विचार करतो. नरसय्यामामांच्या हातच्या कापडात गाठ लागली असं आमच्या पेठेत कुणी म्हणालं नव्हतं. तो धागा खरंच नजरचुकीने राहिला होता का? की ती मामांनी पत्रात न लिहिलेली पाचवी ओळ होती? त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही. आता विचारायला ते नाहीत, मागही नाही. तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. आणि ती बाई तेव्हा खरंच गहिवरली होती की नाही, तेही मला सांगता येत नाही. चादरी गच्चीवर गेल्या की हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात आणि मी एकाचं उत्तर दुसऱ्याला देत बसतो.

त्या रविवारी मामांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. माझ्या मूर्खपणाचा भाग तीनदा, सावकाश, एकही ओळ न गाळता. तिसऱ्यांदा तर मधे थांबवून म्हणाले, “त्या टाळ्यांचं परत एकदा.” मग पानं क्रमाने लावली, अंगठ्याने चाचपली, घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि उठले. दाराशी चपला घालताना नातवाच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याकडे वळले.

“सर, हा फुडल्या वर्षी तुमच्याच वर्गात येणार न्हवं, इतिहासाला?”

“होय की,” मी म्हणालो. आभार येणार, अशी माझी समजूत.

“त्याला दुसऱ्या शाळंत घालतो.”